नेहमीसारखं

एकच आकडा लिहायचा आहे.
कार्डाच्या दारात पॅकेट आलं
की प्रोसेसरला लगेच हाक मारायची,
की थांबायचं, अजून दोन येतील, चार येतील,
मग एकदाच उठवायचं त्याला?
शून्य लिहिलं तर प्रत्येक पॅकेटला घंटा.
शंभर लिहिलं तर शंभर मायक्रोसेकंदांची वाट.

शार्दूलने तीन लिहिलं होतं. का, विचारलं,
तर म्हणे, आधीच्या कार्डात तीन होतं.
आणि त्याच्या आधी?
तिथे विचारायला कोणीच नव्हतं.

अमळनेर. मे. रात्रीचे अकरा.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती खडखड.
टेबलावर सहा कार्डं उघडी पडलीत,
एक धुळ्याच्या भंगारातलं, नव्वद रुपयांचं,
चिपवर खेकडा छापलेला.
तेच मी आधी जोडते.
ज्याला झेपत नाही त्याला विचारून ठरवावं,
असं माझं मत. शार्दूलचं नाही.
त्याच्याकडे पुण्याला कपाटभर सर्व्हर आहेत, गार खोलीत.

सेटिंग बदलता येतं की, तो म्हणतो.
येतं.
पण तळोद्याच्या आश्रमशाळेतला क्लार्क बदलणार नाही.
सावद्याला केळीच्या काट्यावर
ट्रक उभा ठेवून पावतीची वाट बघणारा पोरगा
बदलणार नाही. म्हणेल, नेट स्लो आहे.
मशीन तापलं तर म्हणेल, जुनं झालं.
माझं नाव त्याच्या तोंडी येणार नाही,
ना शिवीत, ना शाबासकीत.

वेगाचं मला ठरवावं लागत नाही, ते बरं.
दोन्ही टोकं आपसात मिटवतात,
बैलबाजारात रुमालाखाली बोटं चाचपतात तसं:
हजार? नाही. शंभर? बरं, शंभर.
एकाने हट्टाने हात काढून घेतला
की दुसरा बिचकतो,
एका वेळी एकानेच बोलायचं असं धरून चालतो,
आणि दिवसभर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात.

झोपलेल्या मशीनला तारेतून जागं करणं: बंद.
यावर वाद झाला नाही.
रिंगमध्ये घरं: दोनशे छप्पन.
यावर झाला, दोन दिवस.

थांबण्याचं गणित मला पैलाडच्या चक्कीवर कळलं होतं.
मिठाराम आप्पा एका डब्यासाठी मोटार लावत नसे.
चार डबे जमले की पट्टा चढवायचा,
तोवर बसा बाकावर, सांगा गावातलं.
पण ठगूबाई फडक्यात पावशेर तांदूळ घेऊन आली,
नातवाच्या पेजेचे,
की रिकाम्या चक्कीचीही मोटार लागायची.
पाटीवर हा नियम नव्हता.
गर्दी बघून आपोआप असं वागणारा कोड आता आहे.
खेकड्याला तो येत नाही.

मराठी भाषांतराची फाइलही माझ्याकडेच.
डिफॉल्टसाठी तिथे शब्द आहे, पूर्वनिर्धारित.
घशात अडकतो. शिवाय खोटा.
पूर्वी कोणी केला होता निर्धार?
तीन लिहिलं, कारण तीन होतं.

सकाळी डबा घेऊन गेले, कळण्याचा.
चक्कीवर आता आप्पाचा मुलगा.
कितलं जाड? त्याने विचारलं.
मी म्हटलं, नेहमीसारखं.
चाकावर हात ठेवून तो बघतच राहिला.
‘आते तुन्हं नेहमीनं माले काय माहीत, ताई?’
मग अंदाजाने अर्धा फेरा दिला,
पाटाखालचं पीठ चिमटीत धरून माझ्यासमोर केलं.
गरम होतं. थोडं जाड.
मी म्हटलं, अजून एवढंसं घट्ट कर.

घरी येऊन वीस लिहिलं.
शेजारी एक ओळ: नव्वद रुपयांच्या कार्डावर मोजलं,
पंखा बंद, खोलीत त्रेचाळीस अंश.
उद्या कोणी विचारलंच, का वीस,
तर निदान एवढं सापडेल.

शार्दूलचं उत्तर अजून आलेलं नाही.
भाषांतराच्या फाइलीत, त्या शब्दासमोर,
कर्सर लुकलुकतोय.